पडद्याचा जुना पत्ता

मित्रांनो, मी एक जुनी मेमरी आहे. बोटभर लांबीची हिरवी पट्टी, अंगावर आठ काळे चौकोन, एका कडेला पितळी दात. त्यातले दोन दात झिजलेत. आत्ता तुम्ही मला हातोहात फिरवताय, कुणी वास घेतंय, मघाशी एकाने तर चावून पाहिलं. चावा. मी याहून वाईट सोसलंय. पण माझी हकिकत ऐकायची असेल तर मन घट्ट करून बसा. तिच्यात तीन बोटं आहेत, आणि ती आता या जगात कुठेच नाहीत.

माझा जन्म लाडात झाला नाही. वाळू भट्टीत घातली, वितळवली, तिचा दांडा ओढला आणि करवतीने त्याच्या चकत्या केल्या. अशा एका चकतीवर मी होते. नको तिथलं अंग झडून जावं म्हणून आमच्यावर तेजाब ओतलं. मग तापवलं, मग गोठवलं, मग सुया टोचून विचारलं, लक्षात राहतं का? ज्यांच्या लक्षात राहिलं नाही त्यांचा तिथेच चुरा. माझ्या शेजारची, एकाच चकतीवरची, एका प्रश्नाला चुकली. फक्त एका. तिचं काय झालं ते मी पाहिलं नाही, आवाज ऐकला. जिथे विसरणाऱ्याला चिरडतात तिथे मी जन्मले. पुढचं ऐकताना हे ध्यानात असू द्या.

माझ्या पोटात लाखो खोल्या आहेत. प्रत्येक खोलीला नंबर, त्याला आम्ही पत्ता म्हणतो. सी नावाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम माझ्याकडे खोल्या मागतो. मॅलॉक म्हटलं की मी मोजून खोल्या देते, पण झाडून देत नाही. आधीच्या बिऱ्हाडाची घाण तशीच असते. कॅलॉक म्हटलं की धुऊन, प्रत्येक खोलीत शून्य मांडून देते. रीॲलॉक म्हणजे 'आहेत त्या पुरत नाहीत, वाढवून दे'. तेव्हा शेजारच्या खोल्या रिकाम्या असल्या तर मी भिंत पाडून तिथल्या तिथे वाढवते. शेजारी कुणी बसलेला असला तर मात्र सगळं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे नेते आणि मागणाऱ्याच्या हातात नवा पत्ता ठेवते. आणि फ्री म्हटलं की दिलेलं परत घेते.

परत घेते, पण पुसत नाही. हे नीट ऐका, कारण सगळा घात इथेच लपलाय. सोडलेल्या खोलीत जुना शब्द तसाच पडून असतो, मढ्यासारखा. कुणी जुना पत्ता घेऊन आला तर मी त्याला ते मढं दाखवते. मी खोटं बोलत नाही. ज्या खोलीचं विचाराल त्या खोलीचं सांगते. 'अहो, इथलं बिऱ्हाड हललंय' असं सांगायला मला तोंड दिलेलं नाही.

माझी पहिली नोकरी एका कचेरीत झाली. तिथला प्रोग्रॅम खादाड होता. सकाळपासून खोल्या मागायचा आणि एकही परत करायचा नाही. खायचं आणि ताट तिथेच टाकून उठायचं, ही त्याची रीत. दुपारी तीनपर्यंत माझा श्वास कोंडायचा, कॉम्प्युटरचा स्क्रीन गोठायचा, आणि कारकून त्याच्या डब्यावर बुक्क्या घालायचा. एके दिवशी त्याने लाथ घातली. माझ्या बाजूची पट्टी तडकली आणि गेली. "मेमरीच भिकार आहे," तो म्हणाला. प्रोग्रॅम कुणी उघडून पाहिला नाही. मार खायला नेहमी तोच लागतो ज्याला उलटून बोलता येत नाही. पुढे त्या कचेरीने आम्हाला किलोच्या भावात विकलं.

तिथून मी कारखान्यात आले. दारांच्या बिजागऱ्या करणारा कारखाना. लांबलचक शेड, तेलाने काळी पडलेली फरशी, आणि मधोमध प्रेस. दोन माणसांएवढी उंच. तिच्या वरच्या जबड्यात एक डाय, म्हणजे लोखंडी साचा, खालच्या जबड्यात दुसरी. मधे पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, वरचा जबडा खाली येतो आणि पत्र्याची बिजागरी होते. प्रत्येक ठोक्याला शेडची फरशी हादरायची. तिच्या बाजूला तिला चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा डबा होता. त्या डब्यात मी.

प्रेसवर जो माणूस उभा राहायचा त्याला सगळे थोरला म्हणायचे, कारण त्याची धाकटी बहीणही तिथेच होती. रुंद खांद्यांचा, सावकाश बोलणारा, पत्रा हातात घेतला की त्याची जाडी न मोजता सांगणारा. तिला धाकटी म्हणायचे. तिने कुठल्या कॉलेजात पाऊल टाकलं नव्हतं. जुनी पुस्तकं वाचून, चुकत माकत ती सी शिकली होती. थोरल्याने मालकापुढे शब्द टाकला, "बाहेरून माणूस आणाल तर महिना लावेल, माझी बहीण आठ दिवसांत करेल." तिने सहा दिवसांत केलं.

काय केलं ते सांगते. प्रेसच्या तोंडापुढे किरणांचा पडदा होता. एका खांबातून किरण निघायचे, समोरच्या खांबावर पोचायचे. मधे हात आला की किरण तुटायचा आणि प्रेस खाली यायची नाही. तिच्या प्रोग्रॅममध्ये दोन कामकरी होते. एक टिपणारा: तो प्रत्येक किरणाची खबर माझ्या खोल्यांत लिहायचा, 'मोकळं' किंवा 'हात'. दुसरा राखणदार: तो त्या खोल्या वाचायचा आणि एकाही खोलीत 'हात' दिसला नाही तरच प्रेसला सोडायचा. छोट्या डायला सोळा किरण लागायचे, मोठ्या डायला चोवीस. डाय बदलली की धाकटीचा प्रोग्रॅम रीॲलॉक म्हणायचा, मी सोळाच्या चोवीस करून द्यायचे. शेजारी कुणी नव्हतं, तिथल्या तिथे वाढवायचे. पत्ता तोच राहायचा.

तपासायला थोरल्याने स्वतः मोठ्या डायखाली लाकडी फळी धरली. प्रेस हलली नाही. "शाबास," तो म्हणाला, एवढंच. ती दिवसभर हवेत होती. माझी पाठ कुणी थोपटली नाही, पण त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी हाताला राखतोय.

आता फोरमनचं ऐका. फोरमनला ठोके हवे असायचे. त्याने पाहिलं की पडदा हात ओळखतो, आणि हुकूम काढला, "पाय पेडलवरून उचलायचाच नाही. पत्रा ठेवा, हात काढा, हात निघाला की प्रेस आपोआप पडते. पडदा काय शोभेला लावलाय?" म्हणजे जे शेवटचं कुलूप होतं तीच त्याने किल्ली केली. एकजण म्हणाला, "साहेब, पाय उचलला तर काय बिघडतं?" फोरमनने त्याच्या कानफटात मारली, हातात बिजागरी होती तशी. कान फाटला. त्यानंतर कुणी पाय उचलला नाही.

तोच फोरमन जेवणाच्या सुट्टीतूनही चोरायचा. एका दुपारी थोरला डब्याला टेकून उभा होता. धाकटी आत डोकं घालून तारा बघत होती.

"ए धाकटे, तुझं हे यंत्र एवढं शहाणं आहे ना, त्याला घड्याळ बघायला शिकव."

"कशाला रे दादा?"

"फोरमनचं घड्याळ जेवणात पळतं आणि कामात लंगडतं. अर्ध्या तासाची सुट्टी वीस मिनिटांत संपते. घास गिळायच्या आत शिट्टी. तू एक घंटा बसव. बरोबर साडेबाराला वाजली पाहिजे, बरोबर एकला."

"मालकाला विचारलंस का?"

"विचारायचं कशाला? मालकाला वाटेल फोरमनने बसवली, फोरमनला वाटेल मालकाने. दोघं एकमेकांना विचारणार नाहीत. विचारलं की मान खाली जाते."

ती खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी तिने घंटा बसवली. घंटेच्या वेळा लिहून ठेवायला प्रोग्रॅमने माझ्याकडे चार खोल्या मागितल्या. मी दिल्या. कुठे दिल्या? पडद्याच्या सोळा खोल्यांना अगदी लागून. तीच पहिली रिकामी जागा होती.

धाकटीने घंटा तपासली. वाजली. माणसांनी टाळ्या पिटल्या, कान फाटलेल्याने तिच्यापुढे हात जोडले. पडदा तिने पुन्हा तपासला नाही. पडद्याच्या ओळींना तिने बोटही लावलं नव्हतं, मग त्या कशाला तपासायच्या? मित्रांनो, सी लिहिणारे हीच चूक करतात. आपण हात लावला नाही म्हणजे ते हललं नाही, असं धरून चालतात.

आठवडाभर छोटी डाय चालली. सोमवारी दुपारी बारा वाजून गेल्यावर मोठी डाय चढवली. प्रोग्रॅम म्हणाला, रीॲलॉक, सोळाच्या चोवीस कर. मी शेजारी पाहिलं. तिथे घंटा बसलेली. मग मी माझ्या रीतीप्रमाणे पडद्याचं सगळं बिऱ्हाड उचललं, पार दूरच्या चोवीस खोल्यांत नेलं, आणि नवा पत्ता दिला. तो टिपणाऱ्याच्या हातात गेला. राखणदाराला कुणी दिला नाही. धाकटीने पत्ता दोघांकडे वेगवेगळा लिहून ठेवला होता, आणि आजवर तो कधी बदललाच नव्हता. राखणदाराच्या मुठीत जुनाच पत्ता राहिला.

जुन्या सोळा खोल्यांत शेवटचा शब्द पडून होता. मोकळं. मोकळं. मोकळं.

थोरल्याने पाय पेडलवर ठेवला, कारण तसा हुकूम होता. पत्रा उचलला. उजवा हात आत घातला. टिपणाऱ्याने नव्या खोलीत लिहिलं, 'हात'. मला माहीत होतं. माझ्या एका टोकाला 'हात' लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाला 'मोकळं'. राखणदार आला तो जुन्या दारावर. त्याने विचारलं, मी दाखवलं. त्याने प्रेस सोडली.

आवाज पत्र्याचाच आला. म्हणून आधी कुणी वळलंही नाही.

थोरला ओरडला नाही. तो पुढे ओढला गेला आणि कपाळ डायच्या कडेवर आपटलं. मग शेजारी बिजागऱ्या घासणाऱ्या पॉलिशवाल्याने पाहिलं आणि तोच किंचाळला. प्रेस उलटी फिरवायची चावी फोरमनच्या खिशात, फोरमन शेडच्या दुसऱ्या टोकाला. तोवर थोरला तसाच वाकून उभा, हात जबड्यात, कोपरापर्यंत लाल. पॉलिशवाला त्याला कमरेला धरून होता, नाहीतर तो खाली बसला असता आणि अख्खा हात उपटून निघाला असता. धाकटी धावत आली. तिने नुसत्या मुठींनी प्रेसवर मारायला सुरुवात केली, लोखंडावर, पुन्हा पुन्हा, तिच्या मुठी फुटल्या.

आणि घंटा वाजली. बरोबर साडेबारा. एका क्षणाचाही फरक नाही.

वरचा जबडा उचलला तेव्हा मधलं बोट, त्याच्या शेजारचं आणि करंगळी यांची बिजागरी झाली होती. मी नाजूक शब्द शोधणार नाही. जे होतं ते सांगितलं.

मालक आला. त्याने रक्त पाहिलं, मग डाय पाहिली. "डायला काही झालं नाही ना?" हे त्याचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य, "पाय पेडलवर का होता?" फोरमन म्हणाला, "सांगून सांगून थकलो साहेब. ऐकतच नाहीत." कान फाटलेला तिथेच उभा होता. तो आपल्या कानाला हात लावून खाली बघत राहिला.

मोठी डाय उतरवली, छोटी चढवली, डबा बंद करून चालू केला. सोळाच किरण, बिऱ्हाड हलायचं कारण नाही, पडदा चोख चालला. "बघा," फोरमन सगळ्यांना म्हणाला, "यंत्रात खोट नाही. खोट माणसात." बुधवारपासून प्रेसवर पॉलिशवाला उभा राहिला. त्याला प्रेसचं काम नको होतं, पण नको म्हणायची सोय नव्हती. शुक्रवारी पुन्हा मोठी डाय चढणार होती.

धाकटी ते तीन दिवस माझ्यासमोर बसून होती. मुठींना फडकी बांधलेली. ती ओळ न् ओळ वाचत होती, पुसत होती, शिव्या देत होती, कधी मला, कधी स्वतःला. गुरुवारी दुपारी ती एका ओळीवर थांबली. रीॲलॉकची ओळ. प्रेस बंद असताना, मोठी डाय चढल्याचं प्रोग्रॅमला खोटंच सांगून, तिने राखणदाराचा पत्ता छापून पाहिला, टिपणाऱ्याचा छापून पाहिला. दोन वेगळे नंबर समोर आले. तिने दोन्ही कागदावर उतरवले.  एक ओळ लिहिली की झालं असतं. गुपचूप. कुणाला कळलं नसतं, आणि दोष थोरल्याच्या पायावर कायमचा राहिला असता. तिचा हात दोनदा पुढे आला. दोनदा तिने तो मागे घेतला.

शुक्रवारी सकाळी थोरला आला. हाताला कोपरापर्यंत बांधलेलं, चेहरा चुन्यासारखा. मालकाने कागद तयार ठेवला होता: अपघात माझ्याच निष्काळजीपणामुळे झाला, कुणावर माझी तक्रार नाही. त्याने सही केली की धाकटीची नोकरी राहणार होती, हे मालकाने त्याला आडून सांगितलं होतं. मागे पॉलिशवाला मोठ्या डायचे बोल्ट आवळत होता.

"दादा, सही करू नकोस," धाकटी म्हणाली.

"गप्प बस. डाव्या हाताने करायची आहे, वेळ लागतोय. मधे बोलू नकोस."

"तुझी चूक नाहीये त्यात."

"मग कुणाची आहे? पाय माझाच होता ना?"

"माझी आहे."

शेडमधले हात थांबले. फोरमन पुढे झाला. "हिला भावाचा धक्का बसलाय. घरी ने रे हिला कुणीतरी."

तिने कोपऱ्यातला झाडू उचलला. "डाय चढलीये ना? पाय पेडलवर ठेवायचा हुकूम तुमचाच ना? मग ठेवा पाय आणि घाला आत हात. तुमचं यंत्र चोख आहे म्हणता. घाला."

फोरमन हलला नाही. ती मालकाकडे वळली. "तुम्ही घालता?"

मालकाने हात खिशात घातला.

मग तिने स्वतः पेडलवर पाय दिला आणि झाडूची दांडी डायमध्ये धरली. पडद्याचे पाच किरण तुटले. नव्या खोल्यांत पाच वेळा लिहिलं गेलं, 'हात'. राखणदार जुन्या दारावर आला. मी दाखवलं. मोकळं.

प्रेस पडली. दांडीचा भुगा उडाला आणि उरलेला तुकडा तिच्या खांद्यावरून जाऊन फोरमनच्या गालात घुसला. तो गाल धरून खाली बसला. पॉलिशवाल्याने हातातला पाना टाकला आणि प्रेसपासून तीन पावलं मागे सरला.

"हिने आत्ता काहीतरी केलंय," फोरमन बोटांतून रक्त गाळत म्हणाला.

"मी काहीच केलं नाही," धाकटी म्हणाली. "तेच तर. जी एक ओळ लिहायची होती ती लिहिली नाही."

थोरला उठला. सावकाश तिच्यापर्यंत आला आणि डाव्या हाताने तिच्या तोंडात अशी मारली की ती डब्यावर आपटली. माझे दोन दात त्या दणक्याने खाचेत घासले गेले.  मग त्याने तो कागद दातांत धरला आणि डाव्या हाताने उभा फाडला.

"कधीपासून माहीत होतं?"

"काल दुपारपासून."

"आणि आज सांगितलंस."

"हो."

 थोरला पॉलिशवाल्याकडे वळून म्हणाला, "तू प्रेसला हात लावायचा नाहीस." आणि तिला म्हणाला, "ऊठ. नीट कर ते."

ओठातून रक्त येत होतं तरी तिने आधी ती ओळ लिहिली. बिऱ्हाड हललं की राखणदाराला नवा पत्ता. मग कोऱ्या कागदावर लिहिलं: पडद्याची चूक माझी. पाय पेडलवर ठेवायचा हुकूम फोरमनचा. हाताची चूक नाही. खाली स्वतःची सही केली. दुसरी सही कान फाटलेल्याने केली, तिसरी पॉलिशवाल्याने, मग रांगच लागली. अठरा सह्या. मालकाला तो कागद घ्यावा लागला.

पुढे सगळं गोड झालं असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही झालं. धाकटीला त्याच दिवशी काढलं. फोरमन अजून तिथेच आहे, गालावर खड्डा घेऊन. मालकाने डबाच बदलला आणि मला उपटून भंगारात फेकलं. दोन दात झिजलेली मी तिथूनच धाकटीच्या खिशात आले. पाय मात्र आता त्या शेडमध्ये सगळे उचलतात. कुणी हुकूम दिलेला नाही. उचलतात.

लोक म्हणतात, वीज गेली की मेमरीला काही आठवत नाही. असेल. मग हे कोण आठवतंय ते मला विचारू नका.

आता धाकटी या खोलीत तुम्हाला सी शिकवते. तुमच्यातले अर्धे माझ्याकडून खोल्या घेऊन विसरतात, मागताना हावरे आणि परत देताना आळशी. मित्रांनो, माझ्याकडून लागेल तेवढंच घ्या आणि काम झालं की परत करा. बिऱ्हाड हललं की ज्याच्या ज्याच्याकडे जुना पत्ता आहे त्या प्रत्येकाला सांगा. परत केलेल्या खोलीचा पत्ता त्याच ओळीच्या खाली खोडून टाका. 'नंतर करतो' म्हणू नका. मी दयाळू नाही, मी फक्त आज्ञाधारक आहे. मला काळजी घेता येत नाही. ती तुम्हाला घ्यावी लागेल.

आणि तरीही कंटाळा आला, तर दाराकडे बघा. तिथे स्टुलावर जो बसलाय तो थोरला. या वर्गात घंटा यंत्रावर नाही. साडेबारा वाजले की तोच उठतो, लोखंडी पट्टीवर डाव्या हाताने ठोका घालतो. मग टेबलापाशी येऊन उजव्या हाताने, अंगठा आणि एका बोटाने, मला उचलून डबीत ठेवतो. मला उचलायला दोन बोटं पुरतात. पत्रा उचलायला पुरत नाहीत.